आतड्यातील एक जन्मजात उणीव आणि पहिले दोन दिवस

मूल जन्मास आले की त्याचे वजन घेतले जाते, ते रडले की नाही हे पाहिले जाते आणि जन्माची वेळ मिनिटासह टिपून ठेवली जाते. ही वेळ पुष्कळ घरांत पुढे कित्येक वर्षे जपली जाते. परंतु त्याच बालकाने पहिली काळी शी केव्हा केली, असे तिसऱ्या दिवशी विचारले, तर पुष्कळदा निश्चित उत्तर मिळत नाही. गर्भावस्थेत आतड्यात साठलेला हा काळपट हिरवा, चिकट मल वैद्यकात मेकोनियम या नावाने ओळखला जातो. पूर्ण दिवसांच्या निरोगी बालकांपैकी शेकडा ९५ हून अधिक बालके तो पहिल्या २४ तासांत बाहेर टाकतात, आणि ४८ तासांनंतरही तो पडला नाही असे निरोगी बालक क्वचितच आढळते.

ही क्षुल्लक वाटणारी वेळ टिपली जाणे, हे काही बालकांच्या बाबतीत जन्ममरणाचे कारण ठरते. सुमारे ५,००० जन्मांमागे एका बालकाच्या आतड्याच्या अखेरच्या भागात चेतापेशीच नसतात. या विकारास हिर्शस्प्रुंगचा रोग म्हणतात. आपल्या देशात वर्षाला सव्वादोन ते अडीच कोटी बालके जन्मास येतात. त्यावरून हिशेब केला, तर दरवर्षी साडेचार ते पाच हजार बालके ही उणीव घेऊन जन्मत असली पाहिजेत. योग्य वेळी ध्यानात आल्यास हा रोग शस्त्रक्रियेने दूर करता येतो. तथापि तो ओळखण्यास होणारा विलंब हाच पुष्कळ बालकांचा घात करतो. म्हणून आमचे प्रतिपादन असे की, पहिल्या मलाची वेळ ही नवजात बालकाच्या प्रत्येक नोंदपत्रिकेत सक्तीने लिहिली जावी, आणि ४८ तास उलटूनही मल न पडलेल्या बालकास तज्ज्ञास दाखविल्यावाचून घरी जाऊ देऊ नये. हे मत का मांडावे लागते, ते समजण्यासाठी प्रथम रोगाचे स्वरूप पाहिले पाहिजे.

रोगाचे स्वरूप

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात आणि त्यांच्या आश्रयाने चेतापेशींची दोन सूक्ष्म जाळी घशापासून गुदाशयापर्यंत पसरलेली असतात. त्यांपैकी एकाचे वर्णन माइसनर या जर्मन शास्त्रज्ञाने १८५७ साली केले, तर दुसऱ्याचे आउअरबाख यांनी १८६० नंतरच्या काही वर्षांत केले. अन्न व मल पुढे सरकतात ते या जाळ्यांच्या नियंत्रणामुळे. सरकणाऱ्या पदार्थाच्या मागील स्नायू आकुंचन पावतात आणि त्याच वेळी पुढील स्नायू सैल होतात. सैल होणे ही निष्क्रियता आहे असा आपला समज असतो. वास्तविक तेही एक कार्यच आहे आणि त्यासाठी चेतापेशींची आज्ञा लागते.

जेथे या पेशी नसतात, तेथे आकुंचन राहते, पण सैल होण्याची आज्ञा देणारे कोणी राहत नाही. तो भाग सतत आवळलेला असतो आणि मलास वाट देत नाही. उणिवेची सुरुवात नेहमी गुदद्वाराजवळ होते व तेथून ती वर पसरते. शेकडा ८० च्या सुमारास रुग्णांत ती गुदाशय व त्यालगतच्या वळणापुरतीच असते. थोड्यांत मात्र ती संपूर्ण मोठे आतडे व्यापते. आखूड प्रकार मुलींपेक्षा मुलांत सुमारे चौपट आढळतो. डाउन लक्षणसमूह असलेल्या बालकांत या रोगाचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक असते.

बालकात दिसणारी लक्षणे सरळ आहेत. पहिला मल उशिरा पडतो, पोट फुगते, दूध पिणे कमी होते आणि पुढे हिरव्या रंगाची, पित्तमिश्रित उलटी होते. उणीव सौम्य असेल, तर मूल तग धरते, पण सदैव बद्धकोष्ठ, फुगलेले पोट व खुंटलेली वाढ घेऊन जगते. याहून भयंकर अवस्था आंत्रशोथाची. तुंबलेल्या आतड्यात जंतूंची वाढ होते, आतड्याच्या अस्तरास सूज येते आणि मग अकस्मात ताप, ग्लानी व दुर्गंधीयुक्त जुलाब सुरू होतात. या रोगातील मृत्यूंचे प्रमुख कारण हेच आहे. बद्धकोष्ठाच्या रोग्यास जुलाब झालेले पाहून घरच्या माणसांना ‘पोट मोकळे झाले’ असे वाटते, आणि नेमक्या याच क्षणी बालक सर्वाधिक संकटात असते.

साठ वर्षांची दिशाभूल

या रोगाचा इतिहास शाळकरी विद्यार्थ्यांनीही वाचावा इतका बोधप्रद आहे. कोपनहेगन येथील बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथील सभेत दोन मृत बालकांची हकीकत सांगितली. दोघांचीही मोठी आतडी प्रचंड फुगलेली होती व त्यांच्या भिंती जाड झालेल्या होत्या. हे फुगणे जन्मजात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. वर्णन इतके स्पष्ट होते की रोगास त्यांचेच नाव मिळाले. परंतु त्यामुळे सर्वांची दृष्टी फुगलेल्या भागावर खिळून राहिली.

पुढील सुमारे ६० वर्षे त्या फुगलेल्या भागावरच उपचार होत राहिले. कोणी तो भाग कापून काढला. कोणी १९२० नंतरच्या दशकात कंबरेजवळील स्वायत्त मज्जातंतू छेदून पाहिले. काही काळ बरे वाटे आणि रोग पुन्हा उलटे. वास्तविक सत्याचा माग लागला होता. १९०१ साली टिटेल यांनी अशा आतड्यातील चेतापेशींच्या दोषाकडे बोट दाखविले होते. १९२० साली इटलीत दाल्ला व्हाल्ले यांनी दोन भावांच्या आतड्याच्या खालच्या भागात या पेशी नसल्याचे नमूद केले होते. पण अन्य तपासनीस सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा ठेवीत तो बहुधा फुगलेल्या भागाचा. त्यात चेतापेशी असतच. मग ‘दोष आढळला नाही’ असा निर्वाळा देण्यात येई.

कोंडी फुटली ती १९४० नंतरच्या दशकात. बॉस्टन येथील बाल रुग्णालयात ऑर्व्हार स्वेन्सन या शल्यवैद्यांच्या निदर्शनास एक गोष्ट आली. काही रुग्णांचे आतडे पोटावर उघडून मलास तात्पुरती वाट करून दिली होती. ही मुले सुधारली, त्यांचे फुगलेले आतडे नीट काम करू लागले. परंतु ती वाट बंद करून मल पुन्हा मूळ मार्गाने सोडताच सर्व लक्षणे परत आली. आतड्याचा फुगलेला भाग रोगट असता, तर तो असा सुधारला नसता. पाटाचे दार न उघडल्याने वरच्या अंगाला पाणी तुंबावे आणि काठ फुटावेत, त्यात वरच्या पाटाचा दोष कोणता? दोष दाराचा. स्वेन्सन यांनी दाब मोजून व बेरियमची क्ष-किरण चित्रे घेऊन हे ताडून पाहिले. खालचा, दिसावयास जवळजवळ साधारण वाटणारा अरुंद भागच हालचाल करीत नव्हता.

१९४८ साली स्वेन्सन व बिल यांनी तो अरुंद भाग काढून निरोगी आतडे गुदद्वारापर्यंत खाली ओढून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती आधी कुत्र्यांवर करून पाहण्यात आली होती. त्याच वर्षी व्हाइटहाउस व कर्नोहन, तसेच झुएल्झर व विल्सन यांच्या स्वतंत्र निबंधांनी खालच्या भागातील चेतापेशींचा अभाव निर्विवाद सिद्ध केला. जे डोळ्यांत भरते ते कारण नसून परिणाम असू शकते, आणि एखाद्या गोष्टीचे नसणे हेही रोगाचे कारण होऊ शकते, हा या इतिहासाचा धडा आहे.

उणीव का निर्माण होते

आतड्यातील चेतापेशी मूळच्या आतड्याच्या नव्हेत. भ्रूणाच्या पाठीकडील बाजूस मेंदू व मज्जारज्जू घडविणारी जी आद्य नळी तयार होते, तिच्या कडेवरून या पेशी निघतात. मानेच्या बाजूने त्या अन्ननलिकेत शिरतात आणि सुमारे चौथ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत खालच्या टोकाकडे वाटचाल करतात. कोंबडीच्या भ्रूणातील ही मूळ जागा काढून टाकल्यास आतड्यात चेतापेशी उत्पन्न होत नाहीत, हे इंटेमा व हॅमंड यांनी १९५४ साली दाखविले. पुढे निकोल ल दुआरँ यांनी लाव्याच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात रोवून हा प्रवास प्रत्यक्ष पटवून दिला. हा प्रवास वाटेतच थांबला, म्हणजे अखेरचा टप्पा ओसाड राहतो. उणीव नेहमी खालच्या टोकाशीच का असते, याचा उलगडा यावरून होतो.

प्रवास का थांबतो, याची काही कारणे जनुकांत सापडली आहेत. १९९४ साली ‘रेट’ या जनुकातील दोषांशी या रोगाचा संबंध सिद्ध झाला. हा जनुक पेशींच्या पृष्ठभागावर एक ग्राहक निर्माण करतो, आणि आतड्याकडून येणारा वाढीचा संदेश तो ग्राहक झेलतो. त्याच वर्षी अमेरिकेतील मेनोनाइट पंथीयांच्या कुटुंबांचा अभ्यास करून अरविंद चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका जनुकाचा संबंध उघड केला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकलेल्या या शास्त्रज्ञाच्या गटाने २००५ साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. ‘रेट’ जनुकाचे कार्य किंचित मंद करणारा एक सौम्य फरक लोकसंख्येत सर्रास आढळतो आणि आशियात त्याचे प्रमाण विशेष आहे. तो असणाऱ्या बहुतेकांना काहीही होत नाही. अनेक फरक एकत्र आले, म्हणजेच रोग उद्भवतो.

हे सारे सांगण्याचे कारण केवळ ज्ञानवृद्धी नव्हे. जन्मजात दोष दिसला की आईने ग्रहण पाळले नाही, अमुक खाल्ले, तमुक पाहिले, असा ठपका आजही ठेवला जातो. ज्या आठवड्यांत ही उणीव निर्माण होते, त्या आठवड्यांत पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची खात्रीही झालेली नसते. हा दोष आईच्या आचरणाचा नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. एका अपत्यास हा रोग असल्यास पुढील भावंडास तो होण्याचा संभव सरासरीने शेकडा ४ च्या आसपास असतो. लांब प्रकारात तो अधिक असतो. अशा कुटुंबाने पुढील बाळंतपणापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे उचित होय.

निदान आणि उपचार

संशय आल्यानंतरचा मार्ग आज पुष्कळच निश्चित आहे. बेरियमच्या क्ष-किरण चित्रात अरुंद भाग व त्यावरील फुगवटा यांची सीमा दिसू शकते. मात्र पहिल्या काही दिवसांत ती स्पष्ट नसते. निर्णायक पुरावा सूक्ष्मदर्शकाचाच. १९६० नंतरच्या दशकात एक शोषक उपकरण प्रचारात आले. त्याने नवजाताच्या गुदाशयातून भूल न देताही अस्तराचा बारीक तुकडा घेता येतो. त्या तुकड्यात चेतापेशी नसल्या, तर निदान पक्के होते.

निदान झाल्यावर प्रथम तुंबलेला मल काढावा लागतो. त्यासाठी रुग्णालयात १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ या प्रमाणाच्या कोमट द्रवाने गुदाशय धुतला जातो. साध्या पाण्याचा वापर मात्र घातक आहे. फुगलेल्या विस्तीर्ण आतड्यातून ते पाणी भराभर शोषले जाऊन रक्तातील क्षार विरळ होतात, आणि त्यामुळे मृत्यू घडल्याची उदाहरणे १९५० नंतरच्या काही वर्षांत नोंदली गेली आहेत. म्हणून घरगुती बस्तीचा मोह टाळावा. आंत्रशोथ असल्यास शिरेवाटे द्रव व जंतुनाशक औषधेही तातडीने द्यावी लागतात.

शस्त्रक्रियेचे तत्त्व आजही स्वेन्सन यांचेच आहे. १९५६ साली द्युआमेल यांनी व १९६० नंतरच्या दशकात सोआव्हे यांनी तिच्या निराळ्या पद्धती काढल्या. १९९५ पासून दुर्बिणीच्या साह्याने, आणि १९९८ साली मेक्सिकोतील दे ला तोर्रे यांच्या निबंधानंतर पोट न उघडता गुदद्वारातूनच, ती करता येऊ लागली. शस्त्रक्रिया चालू असतानाच आतड्याचे तुकडे गोठवून तपासतात आणि चेतापेशी जेथून सुरू होतात, ती जागा निश्चित करूनच जोड देतात. लवकर आलेल्या, प्रकृती ठीक असलेल्या बालकाचे काम पुष्कळदा एकाच शस्त्रक्रियेत होते. उशिरा आलेल्या, आंत्रशोथाने खंगलेल्या किंवा आतडे फार फुगलेल्या बालकास मात्र बहुधा आधी पोटावर मलाची वाट काढावी लागते आणि मग टप्प्याटप्प्याने दोन किंवा तीन शस्त्रक्रिया कराव्या लागतात. विलंबाची किंमत ही अशी मोजावी लागते. ती शरीराला पडते, कुटुंबाच्या मिळकतीला पडते आणि त्या मुलाच्या शाळेच्या वर्षांनाही पडते.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे सर्व संपले, असेही मानू नये. काही मुलांना पुढे बद्धकोष्ठ राहते, काहींचे कपडे खराब होतात, काहींना शस्त्रक्रियेनंतरही आंत्रशोथ होतो. वयाबरोबर पुष्कळांत सुधारणा होते, परंतु तोवर धीर व वैद्यकीय देखरेख लागते. अशा मुलास वर्गातून केव्हाही बाहेर जाण्याची मोकळीक देणे व त्याची थट्टा होऊ न देणे, हे शिक्षकांचे कर्तव्य उपचाराइतकेच मोलाचे आहे.

आपल्याकडे काय व्हावे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वैद्यकाने जी चूक साठ वर्षे केली, तीच आपण घरोघरी अजून करीत आहोत. पोट फुगलेले दिसले की बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला जातो, घुटी उगाळली जाते, एरंडेल पाजले जाते, विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून गुदद्वारात घातला जातो. अशा उत्तेजनाने कधीकधी कोंडलेला वायू व मल एकदम बाहेर पडतो, बालकास घटकाभर आराम पडतो, आणि उपाय लागू पडला असा समज होतो. यात प्रेमाची वाण नाही, आणि आजीच्या अनुभवाची हेटाळणी करण्याचाही आमचा हेतू नाही. परंतु आवळलेल्या दारावर रेचक चालत नाही, आणि वारंवार अशी मदत घ्यावी लागणे हेच मुळी धोक्याचे चिन्ह आहे.

शासकीय यंत्रणेकडेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तेव्हा तपासणीसाठी निवडलेल्या नऊ जन्मजात दोषांत दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, जन्मजात मोतीबिंदू, हृदयदोष आदींचा समावेश होता. हिर्शस्प्रुंगच्या रोगास त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. ओठ दुभंगलेला पाहताच दिसतो. आतड्यातील पेशींचा अभाव डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो फक्त घड्याळात. म्हणून घड्याळाची नोंद हीच येथे तपासणी मानली पाहिजे. तीस ना यंत्र लागते ना पैसा.

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, बद्धकोष्ठ असलेल्या बहुसंख्य मुलांना हा रोग नसतो. मग पालकांना घाबरवावे कशाला? आक्षेपातील विधान खरे आहे. महिने-वर्षे सुरळीत गेल्यावर सुरू होणारे बद्धकोष्ठ बहुधा आहार व सवयीचे असते. जन्मापासूनचे बद्धकोष्ठ मात्र वेगळे, आणि तो भेद करण्यास पहिल्या मलाची नोंदच उपयोगी पडते. नोंद असली, तर अनेक पालकांची भीती उलट दूर होईल. दुसरा आक्षेप, की अपुऱ्या दिवसांच्या निरोगी बालकांतही मल उशिरा पडतो, आणि काही रोगी बालकांत तो वेळेवर पडतो. हेही खरे आहे. चाळणीतून थोडे धान्य निसटते म्हणून कोणी चाळणी टाकून देत नाही. म्हणूनच वेळेवर मल पडूनही पोट फुगत असेल किंवा हिरवी उलटी होत असेल, तर त्या बालकासही तपासलेच पाहिजे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बालशल्यवैद्य मोठ्या शहरांतच मिळतात, मग खेड्यात निदान करून काय साधणार? आमचे उत्तर असे की, अंतर लांब असेल, तितके लवकर निघाले पाहिजे. तिसऱ्या दिवशी निघालेले बालक प्रवास सोसू शकते, आंत्रशोथ झालेले बालक पुष्कळदा सोसू शकत नाही.

हे अमलात आणणारे हात आपल्यापाशी आहेत. खेड्यातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजातांची देखभाल केल्यास बालमृत्यू घटतात, हे गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कार्याने जगाला दाखविले. त्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. २०११ सालापासून केंद्र सरकारच्या योजनेनुसार आशा कार्यकर्त्या नवजाताच्या घरी ठराविक दिवशी भेटी देतात. रुग्णालयातील प्रसूतीनंतरची त्यांची पहिली भेट तिसऱ्या दिवशी असते. आमच्या प्रयोजनास याहून योग्य दिवस कोणता? त्या भेटीत तीन प्रश्न अवश्य विचारले जावेत: पहिली काळी शी केव्हा झाली, पोट फुगते काय, आणि उलटी हिरवी झाली काय. रुग्णालयाने आपल्याकडील नोंद आईच्या हाती लेखी द्यावी. ज्या बालकाची नोंद कोरी असेल, त्यास जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. शाळांत पचनसंस्थेचा धडा शिकविताना विद्यार्थ्यांना हे सांगावे, कारण आजचा विद्यार्थी उद्याचा बाप, मामा किंवा आत्या होणार आहे.

शस्त्रक्रिया शोधून काढण्यास विज्ञानाला साठ वर्षे लागली, आणि तिला आता पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. एवढे ज्ञान हाती असता एखादे मूल केवळ कोणी विचारले नाही म्हणून दगावावे, हे कोणत्याही सुशिक्षित समाजास भूषणावह नाही. जन्मवेळ लिहिण्याची आपली चाल जुनी आहे. तिच्याच खाली आणखी एक वेळ लिहावयाची, एवढेच मागणे आहे.